आत्याबाईंचं बोट आणि माशाचं पातेलं

बोईसर, २८ ऑगस्ट १९८६

तीर्थरूप आत्याबाई,

मंजुळाचा नमस्कार. वाकून केलाय असं समजा, पण मनातून मी चांगली रागावलेय हेही समजा.

रखमा, हे पत्र तूच वाचणार. आत्याबाईंना पोथीचं मोठं अक्षर लागतं, माझं गिचमीड त्यांना लागायचं नाही. तेव्हा जाऊबाई, मोठ्याने वाच, मधे आपल्या पदरचं घालू नकोस आणि मी रागाने लिहिलेलं गाळू नकोस. गाळलंस तर मला कळेल.

आत्याबाई, सासू सुनेवर रागावून जाते हे जगात चालत आलंय. पण जाताना चार शब्द बोलून जाते की नाही? भांडी आपटते, शेजारणीला सांगते, पोराला दोष देते. तुम्ही काहीच केलं नाहीत. हे पहिल्या पाळीला गेलेले, मी नळावर. परत येते तर तुमची वळकटी नाही, टाळ नाहीत, पोथी नाही. नलू दारात बसलेली. म्हणे, "आजी गावाला गेली, पाटलांच्या माणसाबरोबर." पाच वर्षांच्या पोरीकडे निरोप ठेवून जायचं?

काय झालं ते मला ठाऊक आहे. उगाच आडपडदा कशाला? नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या, आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे माझ्या जानूदादाच्या होडीतला पहिला सरंगा न विकता माझ्याकडे आला. लेकीचा मासा तो. माझी आई सातपाटीहून स्वतः घेऊन आली. तुमच्या नाकात वास जाऊ नये म्हणून नेहमीसारखा मी तो वाटण लावून दुधाच्या पिशवीत घातला, पिशवी चिकटवली, मागच्या गॅलरीतल्या पातेल्यात कोमट पाण्यात सोडली. आणि नेहमीसारखी हाक मारली, "आत्याबाई, बघा बरं पाणी झालं का."

तुम्ही आलात. पाणी तापवायच्या रॉडचा प्लग काढलात. बोट घातलंत, रामकृष्णहरी म्हटलंत, आणि विरजणाचं दूध बघताना चाटता तसं बोट चाटलंत. मग थांबलात. परत बोट घातलंत, परत चाटलंत. तुमचा चेहरा असा झाला की मला वाटलं चटका बसला. मी विचारलं, "जास्त तापलंय का?" तुम्ही आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलात. मी पिशवी वर काढली, तर तिचा कोपरा सुटलेला, आणि पाण्यावर पिवळा तवंग.

चिकटवताना मी कोपरा नीट दाबला होता. ती पिशवीच पातळ होती, तुमच्या लेकानेच आणलेली. पण ते जाऊ दे. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईच्या जिभेला माशाचं पाणी लागलं, हे मी समजू शकते. तुम्हाला किळस आली असेल, मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल. मग मला शिव्या द्यायच्या होत्या! कोळ्याच्या पोरीला शिव्या झेलता येतात. तुमचं हे गप्प राहणं झेलता येत नाही.

पातेल्याभोवती गुंडाळायला दिलेली तुमची गोधडी इथेच राहिली आहे. तिच्यासाठी तरी या.

तुमची
मंजुळा

---

बोईसर, २० ऑक्टोबर १९८६

तीर्थरूप आत्याबाई,

नमस्कार. राग अर्धा उतरलाय, अर्धा वाढलाय.

तुमचे चिरंजीव दसऱ्याला गावी येऊन गेले. परत आले ते तोंड पाडूनच. मी पाणी दिलं, चहा दिला, जेवायला वाढलं, तरी बोलेनात. शेवटी ताट ओढून घेतलं तेव्हा म्हणाले, "आईच्या गळ्यात माळ नाही. खुंटीला टांगून ठेवलीय."

मी ताट परत त्यांच्यापुढे सरकवलं.

त्यांनी असंही सांगितलं की गावात महाराज आले होते, तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत, आणि ते म्हणाले, "बाई, नकळत झालं त्यात दोष नाही, आंघोळ करा आणि माळ घाला." मग का घातली नाहीत? महाराजांचं ऐकायचं नाही तर कोणाचं ऐकायचं? आमच्याकडे काही झालं तर एकवीरेला नारळ फोडतात आणि मोकळे होतात. तुम्ही काय धरून बसलाय?

आणि एक. नणंदेकडून माझ्या कानावर आलंय की भावकीत बोललं जातंय, कोळणीने सासूला बाटवलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ज्या बाईने मला घरात घेतलं तिला मी बाटवीन? बोलणाऱ्यांना माझ्यासमोर आणा एकदा, मासळीबाजारात वाढलेय मी.

तुम्हीच सांगा त्यांना, मी ह्या घरात आले तेव्हा काय झालं होतं ते. हे सातपाटीला बर्फाच्या कारखान्याचं मशीन दुरुस्त करायला येत. मशीन एकदा दुरुस्त झालं, तरी हे आपले दर आठवड्याला येत. जानूदादा म्हणाला, "ह्याचं मशीन बरं होत नाय, का ह्यालाच काय झालंय?" मग लग्न झालं. तुमच्याकडचं कोणी आलं नाही, तुम्ही एकट्या आलात. एवढ्या लांबून, एका हातात टाळ, एका हातात गोधड्यांचं गाठोडं.

मी घाबरून तुमच्यासमोर उभी. मनात म्हणत होते, आता ही माळकरीण मला सांगणार, मासा सोड. मी तर दूध सुटायच्या आधी मासा खाल्लेला. तुम्ही मला वरून खाली पाहिलंत आणि म्हणालात, "लेकी, तुझं तू खा. तुझ्या मायबापाचा धंदा त्यो, त्याला वंगाळ म्हणणारी मी कोण? फकस्त वास माझ्या नाकात यायला नगं, आन् माझी भांडी येगळी."

आत्याबाई, मी त्या दिवशी तुमच्या पाया पडले ते खरंखुरं पडले. आधीचे नमस्कार रीतीचे होते.

पण दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मासा शिजवायचा आणि वास येऊ द्यायचा नाही, हे कसं जमायचं? तिथून तर सगळं सुरू झालं. आता तुम्ही नाहीत, तर मासा मी साध्या कढईत तळू शकते. कोण अडवतंय? वास सगळ्या चाळीत जाऊ दे. परवा तळला. हे जेवले, नलू जेवली. मला घास उतरेना. सारखं दाराकडे बघत होते, तुम्ही नाकाला पदर लावून येताय का म्हणून.

दिवाळीला वाट बघते.

तुमची
मंजुळा

---

बोईसर, ५ जून १९८८

तीर्थरूप आत्याबाई,

नमस्कार. दिवाळ्या दोन गेल्या. तुम्ही आला नाहीत. पोस्टकार्डावर रखमाच्या हाताने "आम्ही खुशाल, तुमची खुशाली कळवणे" एवढंच येतं. आमची खुशाली अशी, की नलू दुसरीत गेली आणि पाढे म्हणताना तुमच्यासारखी मान हलवते.

आज माळा साफ करत होते. पावसाच्या आधी सगळं उन्हात घालायचं म्हणून काढलं, तर आपलं ते पातेलं हाताशी आलं. रॉड जळलेला, तो टांगायची लाकडी पट्टी काळी पडलेली. हे म्हणाले, "भंगारवाल्याला देऊन टाक." मी म्हटलं, "हात तर लावा!" आणि ते मांडीवर घेऊन बसले. भाकऱ्या तशाच राहिल्या.

आठवतं का हो तुम्हाला, पहिल्यांदा ह्यांनी काय केलं होतं? तुमचं बोलणं ह्यांनी अगदी मनावर घेतलं. कारखान्यात दिवसभर काटे, नळ्या, तापमान बघणारा माणूस. म्हणाले, "वास वाफेबरोबर येतो. वाफच होऊ द्यायची नाही. मासा पिशवीत बंद करायचा आणि पाणी उकळू न देता, नुसतं गरम ठेवून शिजवायचा." मी हसले. म्हटलं, पाणी उकळल्याशिवाय कधी काही शिजलंय? तुम्ही मात्र हसला नाहीत. म्हणालात, "खरवस शिजतोय की मंद आचेवर. जास्त झालं की फाटतोय." आधी तुम्ही त्यांच्या बाजूला गेलात, मग मी.

पहिला बळी गेला माझ्या इस्त्रीचा. तिच्यातलं आपोआप बंद होणारं यंत्र काढलं आणि पाण्याच्या रॉडला जोडलं. इस्त्रीच ती, तिला पाण्याची आच काय कळणार? बंदच होईना. पाणी खळाखळा उकळलं, पिशवी फुगली आणि फुटली, आणि असा वास सुटला की शेजारची बिहारी वहिनी दारात येऊन म्हणाली, "भाभी, आज तो बड़ी दावत है!" तुम्ही पोथी घेऊन जिन्यावर जाऊन बसलात. आणि मी पुढे वर्षभर चुरगळलेल्या साड्या नेसले.

मग भंगारातल्या गिझरचं यंत्र आणलं, ते लांब पितळी शेपटीचं. शेपटी पाण्यात बुडाली की ते बरोबर ओळखायचं. पाणी हवं तेवढं तापलं की टक्, बंद. निवलं की टक्, चालू. रात्रंदिवस ते टक् ऐकायची सवय झाली होती मला. आता घर फार गप्प वाटतं.

पिशव्यांचंही तसंच. हे म्हणाले, कारखान्यात जाड पिशव्या असतात, एक नंबर. एक आणली. रंगाचा कारखाना तो! सरंगा बाहेर निघाला तो गुलाबी. माझी आई नेमकी आलेली, उंबऱ्यात बसलेली. बघून म्हणाली, "अगो, ह्यो मासा का नवरदेव?" तुम्हाला एवढं हसू आलं की ठसका लागला. त्या दिवसापासून दुधाच्याच पिशव्या. धुवायच्या, उलट्या करून वाळवायच्या, तोंड ह्यांच्या हॅकसॉ करवतीच्या पात्यावर दुमडायचं आणि पणतीच्या ज्योतीवरून हळूच फिरवायचं. आधी पिशवी पाण्यात दाबून हवा काढायची, नाहीतर ती मेली तरंगते. माझे हात किती वेळा पोळले. तुम्ही प्रत्येक वेळी तुपाचं बोट लावायचात.

आणि लसूण! कढईत जेवढा घालते तेवढाच घातला. उकळीच नाही तर लसूण शिजणार कुठून? कच्चाच राहिला. ह्यांच्या तोंडाला तीन दिवस वास. तुम्ही म्हणालात, "माशाचा वास घालवायला निघाला आन् लसणाचं पोतं झाला." मग वाटण आधी तेलावर परतून घ्यायचं हे मी शिकले. मिरची, कोथिंबीर, परतलेला लसूण, माझ्या आईचा मसाला. तसा मासा मी जन्मात खाल्ला नव्हता हो. मी, सातपाटीची. काट्यापासून अलगद सुटायचा, आणि मधोमध रस. आई खाऊन म्हणाली, "आमी एवढी वर्सं मासा जाळीतच होतो की काय?"

मग ह्यांचा काचेचा तापमापक फुटला. नवा मिळेपर्यंत काय करायचं? तेव्हा तुमचं बोट कामी आलं. तुम्ही म्हणालात, "विरजणाचं दूध मी बोटानंच बघते. ह्याला त्यापरीस जरा चढं पायजे ना? बघते मी." मी घाबरले. म्हटलं, आत्याबाई, आत मासा आहे. तुम्ही म्हणालात, "मासा पिशवीत हाय, पाणी पाण्यात हाय. पाण्याला कसली आलीय जात." बोट घालून रामकृष्णहरी म्हणायचं. "रामकृष्ण" पर्यंत चटका बसला तर पाणी जास्त. "हरी" म्हणूनही काहीच नाही तर कमी. "हरी" म्हणता म्हणता चटका बसला की झालं. ह्यांनी पुढे नवा तापमापक आणून ताडून पाहिलं आणि म्हणाले, "आईचं बरोबर आहे." तरी तापमापक वापरायचा सोडून आम्ही तुम्हालाच हाक मारायचो. सवय लागली होती. खरं सांगू, त्या हाकेसाठीच मी मासा करायचे कधीकधी.

हिवाळ्यात पाणी लवकर निवायचं, वीजही जायची, म्हणून तुम्ही गोधडी दिलीत. नागोरावमामंजींच्या धोतराची शिवलेली. मी नको म्हटलं. तुम्ही म्हणालात, "त्येंना समुद्र बघायचा होता. ऱ्हाऊन गेला. निदान माशाजवळ बसू दे."

आणि माझी आई आणि तुम्ही. ती माळेचा मान ठेवून कधी उंबऱ्याच्या आत यायची नाही, आणि तुम्ही तिला एकटीला बाहेर बसू द्यायच्या नाहीत. तुम्ही आतल्या बाजूला, ती बाहेरच्या, मधे तिची मासळीची पाटी आणि चहाचे कप. ती म्हणायची हाय-नाय, तुम्ही म्हणायच्या व्हय-नगं, दोघींना एकमेकींचं अर्धंच कळायचं, तरी तिची शेवटची गाडी चुकायची वेळ यायची. परवा ती उमरोळीला बाजार करून इथे आली होती. उंबऱ्यातच बसली. मी म्हटलं, आता आत ये, आता कोण आहे इथे माळकरी? तर तुमचं नाव घेऊन म्हणाली, "नाय गो. राहीबाय येल ना, तवा तिना काय वाटल?"

माझी आई अजून तुमच्यासाठी बाहेर बसते, आत्याबाई. आता तुम्हीच सांगा मी काय करू ते.

पातेलं भंगारात दिलेलं नाही. घासून ठेवलंय.

तुमची
मंजुळा

---

बोईसर, १० जानेवारी १९९१

तीर्थरूप आत्याबाई,

नमस्कार. रखमाचं पत्र आलं, तिच्या स्वतःच्या मनाचं, तुम्हाला न विचारता लिहिलेलं. तिला रागावू नका.

ती लिहिते, दात सगळे गेलेत, भाकरी दुधात कुस्करून दिली तरी तुम्ही दोन घास खाता आणि ताट सरकवता. भाजी उकडून दिली तर म्हणता, "सगळी चव पाण्यात गेली, मला चोथा चारता का?" अंगावरचं लुगडं दोनदा गुंडाळावं लागतं. आणि माळ अजून खुंटीलाच.

मी ते पत्र वाचलं. मग उठले आणि पालघरला जाऊन नवंकोरं स्टीलचं पातेलं आणलं. ऐकून घ्या, मधे बोलू नका. नवं पातेलं, नवा रॉड, नवं यंत्र, नव्या पिशव्या. माशाचा ह्यातल्या कशालाही वाससुद्धा लागलेला नाही. नलू साक्षीला आहे, ती तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

गाजराची चकती केली, चमचाभर तूप, चिमटीभर मीठ, पिशवीत बंद. मासा लगेच होतो, पण गाजर मेलं हट्टी. कोमट पाण्यात ठेवलं तर दिवसभर दगडासारखंच राहिलं. मग ह्यांनी यंत्राचा काटा पुष्कळ वर चढवला, उकळीच्या जरा खाली. तेव्हा कुठे ते ऐकलं. बाहेर काढलं तर रंग तसाच, आकार तसाच, आणि जिभेने दाबलं की लोणी. त्याचा रस त्याच्यातच. पाण्यात काहीच गेलं नाही. मग भोपळा केला, रताळं केलं. ह्यांनी खाल्लं आणि पहिल्यांदा म्हणाले, "आईला आवडलं असतं." आवडलं असतं म्हणे! माणूस जिवंत असताना असं बोलायचं असतं का? मी चांगलंच तासलं त्यांना.

संक्रांत झाली की मी आणि नलू येतोय. पातेल्यासकट. तुम्ही मला दारात उभं करा नाहीतर करू नका. माझी आई तुमच्यासाठी एवढी वर्षं उंबऱ्यात बसली, मीही तुमच्या उंबऱ्यात बसेन. चूल बाहेर मांडीन. पण तुम्ही जेवल्याशिवाय उठायची नाही.

तुमची
मंजुळा

---

बोईसर, ३ फेब्रुवारी १९९१

तीर्थरूप आत्याबाई,

नमस्कार.

ह्या खेपेला अक्षर तुमच्या पोथीएवढं मोठं काढलंय. कागद पुष्कळ लागले, लागू देत. रखमाला देऊ नका. तिला सांगा, नलूने चित्रं पाठवलीत. मोतिबिंदू नसलेल्या डोळ्याने सावकाश वाचा.

आम्ही सुखरूप पोचलो. बोईसरला उतरले तेव्हा हे स्टेशनावर उभे होते. माझं तोंड बघून घाबरले, "आई बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे, गाजर खाते, भोपळा खाते, नातीला दटावते. "मग रडतेस कशाला?" मी म्हटलं, मी हसतेय. त्यांना काही कळलं नाही. नाहीतरी त्यांना काय कळतं?

तुमच्याकडचे दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मी उंबऱ्यात बसायची तयारी करून आलेले, आणि तुम्ही आतूनच ओरडलात, "बाहीर काय बसलीस पाव्हण्यावानी? आत ये!" तुमच्या गावात वीज कधी असते, कधी नसते, तेव्हा रॉड राहिला बाजूला आणि आपण निखाऱ्यांवर पातेलं ठेवलं. पाणी किती तापलं हे बघायला मी सवयीने हाक मारली आणि जीभ चावली. तुम्ही आलात. बराच वेळ पाण्याकडे बघत उभ्या राहिलात. मग म्हणालात, "ह्याला बोट लावायचं नसतं. ह्ये लई कडक पाणी." आणि पळीने निखारे मागे ओढलेत. गाजर तुम्ही खाल्लंत, परत मागितलंत. रखमा दारामागे उभी राहून डोळे पुसत होती.

मी तुम्हाला काहीच विचारलं नव्हतं. ठरवूनच आले होते की विचारायचं नाही. मग निघायच्या दिवशी तुम्ही एस.टी.पर्यंत सोडायला आलात, नलूला पुढे पाठवलंत, आणि माझा हात धरून म्हणालात ते मी इथे तसंच लिहिते, म्हणजे मी बरोबर ऐकलं हे तुम्हाला कळेल.

"मंजुळे, चुकून तोंडात गेलं त्याचं काय नाही. महाराजबी त्येच म्हणले. पर मी दुसऱ्यांदा बोट घातलं ना, त्ये पाणी बघाया नव्हतं. चव बघाया घातलं. लई ग्वाड लागलं, माय. आता सांग, कोणत्या तोंडानं माळ घालू? आन् तुझ्या घरी कशी ऱ्हाऊ? तू रोज हाक मारणार, आन् मी रोज पातेल्यापाशी येणार."

गाडी आली आणि मी नलूला घेऊन चढले. सगळ्या वाटेवर सुचलं ते आता लिहिते.

आधी मी रागावले. साडेचार वर्षं, आत्याबाई! साडेचार वर्षं मी समजत होते की तुम्हाला माझी किळस आली. माझ्या आईच्या हाताची, आमच्या मसाल्याची, आमच्या घराची. भावकी म्हणायची ते खरं वाटायला लागलं होतं मला. आणि तुम्ही काय, तर आवडलं म्हणून पळालात!

मग परळीच्या पुढे गाडीत मी हसायला लागले. बाजूची बाई सरकून बसली. आणि मग मला रडू आलं, कारण एवढा आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. माझ्या आईचा मसाला तुम्हाला गोड लागला. एवढंसं, पाण्यात उतरलेलं, बोटाच्या टोकावरचं. हे मी कुणाला सांगू? आईला सांगितलं नाही. तिला एवढंच म्हटलं, राहीबाई रागावलेल्या नव्हत्या. ती म्हणाली, "आमाला ठाव हाय." आणि तरी उंबऱ्याच्या आत आली नाही.

माळेचं मला कळत नाही. मी कोळ्याची, मी तुम्हाला काय शहाणपण शिकवणार? पण जिभेला आवडलं म्हणून तुम्ही स्वतःला एवढी वर्षं शिक्षा केलीत, घर सोडलंत, नात सोडलीत, अन्न सोडलंत. मला वाटतं, फेडायचं होतं ते फिटलं. घालावीशी वाटली तर माळ घालून या. नाही वाटली तर पिशवीत घालून आणा. तुमच्या कोपऱ्यातली खुंटी मी काढलेली नाही.

आणि पातेल्याची भीती धरू नका. घरी आल्या आल्या मी ह्यांना कामाला लावलं. कारण विचारलं, तर म्हटलं, मांजरं फार झालीत. माशाच्या पातेल्याला त्यांनी घट्ट झाकण केलं, त्याला कडी बसवली, कोयंडा बसवला, आणि छोटं कुलूप आणलं. कारखान्यातल्यासारखं पक्कं काम. मग मला म्हणाले, "किल्ली तुझ्या मंगळसूत्राला अडकव."

मी नाही म्हटलं. किल्ली मी तुमच्या गोधडीच्या कोपऱ्यात बांधून ठेवलीय. ती तुमच्याकडेच राहील. मासा करायचा असेल तेव्हा मी तुमच्याकडे किल्ली मागेन. बाकीच्या वेळी तिचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी बघणारही नाही, विचारणारही नाही.

आई म्हणते, उंबऱ्यात एकटीने बसून तिची पाठ दुखते. तिकिटाचं ह्यांनी बघितलंय. रखमाला सांगा, वळकटी बांध.

तुमची
मंजुळा